कोंबडा आरवल्यानंतर: पडलेल्या विश्वासणाऱ्यानं परत यायचं कसं

येशूला अटक झाली त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र यानं त्याला नाकारलं ते कोळशाच्या शेकोटीजवळ. योहानाच्या शुभवर्तमानात ही बारीक गोष्ट नोंदलेली आहे: थंडी होती, चाकरांनी कोळसे पेटवले होते आणि पेत्रही त्यांच्यात उभा राहून शेकत होता. तिथं त्याला, तू येशूचा शिष्य आहेस ना, असं विचारलं गेलं आणि तो तीन वेळा 'नाही' म्हणाला. मग कोंबडा आरवला. कोळशाच्या या विस्तवासाठी वापरलेला ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात फक्त दोनदा येतो. एकदा इथं, योहानाच्या 18व्या अध्यायात, आणि दुसऱ्यांदा 21व्या अध्यायात. तिथं पुनरुत्थित येशूनं तिबिर्याच्या समुद्राकाठी कोळसे पेटवून त्यावर मासळी ठेवली आहे आणि तो पेत्राची वाट पाहतो आहे.

या दोन शेकोट्यांच्या मधल्या वाटेवर जे आहेत त्यांच्यासाठी हा लेख आहे. कुणी जोडीदाराचा विश्वास मोडला असेल, कुणी मंडळीच्या पैशाला हात लावला असेल, कुणी सोडलेल्या व्यसनाकडे परत गेलं असेल. कुणी चारचौघांत आपण ख्रिस्ती आहोत हे लपवलं असेल. आणि अनेकांच्या बाबतीत मोठं काहीच घडलेलं नसतं; प्रार्थना हळूहळू थांबली आणि वर्षं निघून गेली, एवढंच. वाट सगळ्यांची एकच आहे, टप्पे कमीजास्त लांबीचे. मला सगळ्यात आधी सांगायचं आहे ते हे की ही वाट सुधारल्यानंतर चालायची नसते. आहात तसे निघायचं असतं.

पहिला दिवस: पळू नका

पडल्यावर माणूस पहिलं काय करतो, तर लपतो. आदाम झाडांमागे लपला. आपण उपासनेला जाणं टाळतो, पाळकांचा फोन उचलत नाही, गेलोच तर शेवटच्या बाकावर बसून आशीर्वादाच्या आधी निघून येतो. मनात एक वाक्य घोळत असतं: "थोडा सुधारलो की जाईन." हे वाक्य नम्र वाटतं, पण ते फार घातक आहे. सुधारायला जे बळ लागतं ते जिथून मिळायचं, तिथंच आपण जात नसतो.

येशूला पैशासाठी पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याचं उदाहरण नीट पाहायला हवं, कारण ते आपण घाईत वाचतो. मत्तयाच्या 27व्या अध्यायात त्याला पस्तावा झाला असं लिहिलं आहे. त्यानं चांदीची तीस नाणी परत नेली. निर्दोष माणसाचा घात करून आपण पाप केलं, असं तो तोंडानं म्हणाला. म्हणजे कबुली होती आणि भरपाईही होती. पण तो ते ओझं घेऊन गेला मुख्य याजकांकडे, आणि त्यांनी "तुझं तू पाहून घे" म्हणत त्याला वाटेला लावलं. त्यानंतर तो एकटा होता. पेत्रही त्याच रात्री बाहेर जाऊन फार रडला. मात्र तिसऱ्या दिवशी पहाटे मग्दालीया मरीया रिकाम्या कबरेची बातमी घेऊन धावत आली, तेव्हा तो तिला सापडला, आणि दुसरा एक शिष्य त्याच्याबरोबर होता. तो आपल्या माणसांत राहिला होता, हाच तो फरक.

म्हणून पहिल्या दिवशीचं काम एकच: एका माणसाला सांगायचं, "मी बरा नाही, माझ्याबरोबर थोडा वेळ बस." तपशील नंतर सांगता येतात. आणि जगणं नकोसं वाटत असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आत्ता जवळच्या माणसाला, डॉक्टरांना किंवा मदतवाहिनीला ते उघड शब्दांत सांगा. त्या क्षणी मदत मागणं हीच तुमची प्रार्थना आहे.

पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (7:10) दोन दुःखं वेगळी केली आहेत: देवाच्या इच्छेप्रमाणं असलेलं दुःख पश्चात्तापाकडे नेतं, जगाचं दुःख मरणाकडे. आपलं कुठलं, हे ओळखायला मला एक खूण उपयोगी पडते. "मी असा कसा वागलो, माझ्यासारख्यानं!" यात नजर अजून स्वतःच्या प्रतिमेवर आहे. "तिच्यावर काय गुजरलं असेल?" असं मन विचारू लागलं की दुःखाची दिशा बदलते. पहिलं दुःख माणसाला कोपऱ्यात नेतं आणि दुसरं कुणाच्या तरी दाराशी.

पाप पदरी घेणं

हा सगळ्यात मोठा टप्पा आहे, म्हणून इथं थांबून बोलतो.

मराठी पवित्र शास्त्रात योहानाच्या पहिल्या पत्रातलं वाक्य असं आहे: "जर आपण आपली पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, म्हणून आपल्या पापांची क्षमा करील." मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ होतो 'तेच म्हणणं': देव ज्या गोष्टीला जे नाव देतो, तेच नाव आपणही देणं. मराठीतलं 'पदरी घेणं' मला त्याच तोलाचं वाटतं. पदरात घेतलेली वस्तू आपली होते. मग ती परिस्थितीची राहत नाही, वाईट वेळेची राहत नाही, दुसऱ्यानं चिथावलं म्हणून घडलेली राहत नाही.

पण आपल्याच भाषेत लपायला जागाही पुष्कळ आहेत. "माझ्याकडून चूक झाली" हे वाक्य पाहा. चूक जणू आपली आपण झाली, आणि मी फक्त जवळ उभा होतो. "पाय घसरला", "तोल गेला", "तसं काही मनात नव्हतं" या सगळ्यांत कर्ता गायब आहे. कबुलीत कर्ता लागतो. "मी खोटं बोललो." "मी पैसे घेतले." "मी तिला मारलं."

करायचं असं. अर्धा तास एकटे बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कागद-पेन घ्या. एक वाक्य लिहा, त्याची सुरुवात 'मी'नं करा आणि क्रियापद सरळ वापरा. 'पण', 'कारण' आणि 'जरा' हे तीन शब्द दिसले तर खोडा. पहिला मसुदा बहुधा असा येतो: "कामाच्या ताणामुळे मी जरा घरच्यांवर चिडायला लागलो होतो." खोडाखोड झाल्यावर: "मी मुलांना शिव्या दिल्या. ते मला घाबरतात." हात थरथरला तर बरोबर जागी पोचलात. ताण खरा असू शकतो. त्यावर उपायही करायचा आहे, पण तो वेगळ्या कागदावर.

इस्राएलाचे राजे शौल आणि दावीद यांची तुलना इथं डोळे उघडणारी आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात शौलही "मी पाप केलं" म्हणतो, पण लगेच जोडतो की मी लोकांना भ्यालो. थोड्या वेळानं शमुवेल संदेष्ट्याला विनवतो की वडीलधाऱ्यांपुढे माझा मान राख. दाविदाचं पाप तर किती भयंकर! बथशेबेला बोलावून घेतलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मरायला पुढं धाडलं, आणि ते मरणाचं पत्र उरीयाच्याच हातून सेनापतीकडे पाठवलं. नाथान संदेष्ट्यानं गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून त्याला पकडलं, तेव्हा दाविदाचं उत्तर मूळ हिब्रूत दोनच शब्दांचं आहे: परमेश्वराविरुद्ध पाप केलं. पुढं काही जोडलेलं नाही.

त्याच प्रसंगाशी जोडलेलं स्तोत्र 51 या कामासाठी हाताशी ठेवा. त्याच्या पहिल्या ओळींतच पापासाठी तीन वेगळे हिब्रू शब्द येतात, आणि ते तीन प्रश्न म्हणून वापरता येतात. एका शब्दात बंडाचा अर्थ आहे: मला कळत असून मी कुठं देवाचं ऐकलं नाही? दुसऱ्यात वाकडेपणाचा: माझ्यात कुठली सवय, कुठला हव्यास वाकडा वाढत आला आहे, जो या घटनेच्या कितीतरी आधीपासून होता? तिसऱ्यात नेम चुकल्याचा: जे करायला हवं होतं आणि केलं नाही, ते काय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सहसा लगेच मिळतं. दुसऱ्याला दिवस लागतात, आणि पुढं पुन्हा पडणं टळतं ते बहुधा त्या उत्तरामुळे.

मग स्तोत्र मोठ्यानं, सावकाश वाचा. चौथ्या ओवीपाशी थांबून आपलं वाक्य देवापुढे वाचा. नंतर स्तोत्र शेवटपर्यंत न्या, कारण त्याचा दुसरा अर्धा भाग मागण्यांचा आहे: शुद्ध हृदय दे, उद्धाराचा आनंद परत दे. बरेच जण कबुलीवरच उठून जातात आणि मागायचं विसरतात. कागद नंतर फाडून टाका.

एक इशारा. "मी फार वाईट आहे, माझं सगळंच चुकतं" ही कबुली नव्हे. ती धुक्यासारखी असते, तिच्यात पकडायला काही नसतं आणि क्षमा करायलाही काही नसतं. उलट ज्यांना एकदा सांगितलेलं पाप पुनःपुन्हा सांगावंसं वाटतं, "नीट सांगितलं ना?" ही शंका सुटतच नाही, त्यांनी नवी कबुली थांबवावी. आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकाशी बोलावं, आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांशीही. हा विश्वासाचा दुबळेपणा नाही. दमलेल्या मनाला उपचार लागतो.

एका माणसापुढे

याकोबाच्या पत्रात (5:16) एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा असं सांगितलं आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांत हे धर्मगुरूपुढच्या संस्कारातून होतं. कॅथलिक चर्चनं 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेत वर्षातून निदान एकदा पापनिवेदन बंधनकारक केलं, आणि ऐकलेलं गुपित धर्मगुरूला कुठल्याही कारणानं उघड करता येत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कबुली थेट देवापुढे होते, तरी विश्वासातल्या एखाद्या पिकल्या माणसापुढे बोलणं तिथंही चालत आलं आहे. परंपरा तुमची तुम्ही जाणता. पण कुणीतरी माणूस हवा, हे माझं ठाम मत आहे. देवापुढे मनातल्या मनात बोलताना आपण स्वतःला सवलत देतो. समोर दोन डोळे असले की वाक्य सरळ येतं, आणि "देवानं तुला क्षमा केली आहे" हे शब्द दुसऱ्याच्या तोंडून कानावर पडतात, ते स्वतःला म्हणता येत नाहीत.

निवडताना पाहा: याच्या तोंडून दुसऱ्यांची गुपितं तुम्ही कधी ऐकली आहेत का? ऐकली असतील तर तुमचीही कुणीतरी ऐकेल. "अहो, सगळ्यांचंच होतं" म्हणून झटकणारा नको, आणि हादरून जाणाराही नको. स्वतः कधी पडून उठलेला असेल तर उत्तम. भेटल्यावर आधीच सांगा, "सल्ला नको, आधी पूर्ण ऐका, मग माझ्यासाठी प्रार्थना करा."

सगळ्या मंडळीपुढे उभं राहून सांगावं का? पाप जेवढ्या लोकांना शिवलं असेल तेवढ्यांपुढे, हा जुना आणि शहाणा नियम आहे. पदावर असताना मंडळीची फसवणूक केली असेल तर मंडळीपुढे. मनातला मत्सर असेल तर त्याची जाहीर साक्ष देऊन ज्याचा मत्सर केला त्याला ओशाळं करू नये.

ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे

क्षमा फुकट आहे, पण नुकसान कुणाचं तरी झालेलं असतं. गणनेच्या पुस्तकात (5:7) नियम आहे: घेतलं ते पूर्ण परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. म्हणजे शंभर घेतले असतील तर एकशे वीस. चोरलेलं मेंढरू विकलं किंवा कापलं असेल तर निर्गमाच्या पुस्तकात एकाची चार द्यायला सांगितली आहेत. जक्कय जकातदारानं लूकच्या 19व्या अध्यायात स्वतःला हीच कडक मोजणी लावली, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना दिली. क्रम मात्र पाहा. येशू त्याच्या घरी आधी गेला, चौपट परत करायची भाषा त्यानंतर आली. भरपाई हे क्षमेचं भाडं नव्हे; क्षमा मिळालेल्या माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो.

माफी मागायला जाताना केलेलं कृत्य नावानं सांगा, त्याचा समोरच्यावर काय परिणाम झाला हे तुम्हाला जेवढं कळलं तेवढं बोला, काय परत करणार ते सांगा आणि गप्प बसा. "तू मला माफ केलंस ना?" असं विचारून उत्तर वसूल करू नका. समोरची व्यक्ती रागावेल, रडेल, दार लावून घेईल. तो तिचा हक्क आहे. देवाची क्षमा तिच्या उत्तरावर अवलंबून नाही, आणि तिचं दुःख तुमच्या मनःशांतीचं साधन नाही.

काही वेळा जाऊच नये. तुम्ही ज्याला मारहाण केली, ज्याचा लैंगिक छळ केला, त्या माणसापुढे तुमचं अचानक उभं राहणं ही दुसरी जखम असते. तिथं मध्यस्थामार्फत, तिची तयारी असेल तरच. आणि गुन्हा घडला असेल तर कायद्यापुढे उभं राहणं हा पश्चात्तापाचाच भाग आहे. "देवानं क्षमा केली, आता विषय संपला" असं म्हणत पीडित व्यक्तीचं तोंड बंद करणाऱ्या पुढाऱ्यांनी मंडळ्यांचं फार मोठं नुकसान केलं आहे. क्षमा अंधारात ठेवायला सांगत नाही. लहान मूल धोक्यात असेल तर कुठलंही गुपित पाळण्याआधी त्याला सुरक्षित करा.

क्षमा घेणं

कबुली झाली, भरपाई सुरू झाली, तरी आतून काहीच हलकं वाटत नाही. हे अगदी नेहमीचं आहे. क्षमा ही देवानं केलेली गोष्ट आहे, आणि आपल्या भावना तिच्यामागून चालत येतात. कधी आठवडाभरानं, कधी वर्षभरानं.

"देवानं क्षमा केली असेल, पण मी स्वतःला क्षमा करू शकत नाही," हे मी फार ऐकलं आहे आणि स्वतःही म्हटलं आहे. त्यामागे दुःख खरं असतं. पण शास्त्रात स्वतःला क्षमा करायची आज्ञा कुठं सापडत नाही. ते काम आपल्याकडे दिलेलंच नाही. आपल्याकडे आहे ते न्यायाधीशाचा निकाल मान्य करणं. स्तोत्र 130 मध्ये भक्त म्हणतो की परमेश्वरा, तू अपराध लक्षात ठेवशील तर तुझ्यापुढे कोण टिकेल? आणि पुढची ओळ: तुझं भय धरावं म्हणून तुझ्या ठायी क्षमा आहे. मी माझ्या कोरड्या काळात हेच स्तोत्र रोज रात्री म्हणत होतो. पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांची ओळ त्यात दोनदा येते. पहारेकरी पहाट आणू शकत नाही, पण ती येणार याची त्याला खात्री असते, आणि तेवढ्यावर तो उभा राहतो.

रोजच्या वापरासाठी: आरोप मनात उठला की तो ओळखा. 'अमुक खोटं बोललास, जाऊन दुरुस्त कर' असा नेमका आरोप असेल तर त्याचं ऐका. 'तू कधीच सुधारणार नाहीस' असं काहीतरी मोघम असेल, आणि त्या पापाची कबुली झालेली असेल, तर मोठ्यानं म्हणा, "हे मी पदरी घेतलं आहे आणि प्रभूनं ते माझ्या पदरातून उचललं आहे." मीखा संदेष्ट्यानं देव पापं समुद्राच्या तळाशी टाकतो असं लिहिलं आहे. तिथं गळ टाकायला जाऊ नका.

परिणाम मात्र उरतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. दाविदाला क्षमा मिळाली तरी त्याचं मूल गेलं आणि घरात तलवार राहिली. तुमचीही नोकरी जाईल, लग्न कदाचित सावरणार नाही. ही क्षमा खोटी असल्याची खूण नाही.

भक्ती पुन्हा सुरू करताना

प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात इफिस इथल्या मंडळीला, जिनं आपली पहिली प्रीती सोडली होती, तीन क्रियापदं दिली आहेत: आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्यं कर. पहिल्या भावना परत आण असं म्हटलेलं नाही. कृत्यं कर. विश्वासाच्या सुरुवातीला तुम्ही काय करत होता? बहुधा अगदी साधं काहीतरी: झोपण्याआधी गुडघे टेकणं, एक शुभवर्तमान क्रमानं वाचणं, रविवारी लवकर जाऊन खुर्च्या मांडणं. तेच करा.

पडलेला माणूस उत्साहात मोठे नेम करतो: रोज पहाटे दोन तास, चाळीस दिवस उपास. चौथ्या दिवशी ते मोडतं आणि एक नवं अपयश जमा होतं. पहिले पंधरा दिवस दहा मिनिटं पुरेत, पण वेळ आणि जागा ठरलेली हवी. पहिली दोन मिनिटं शांत. मग पश्चात्तापाची म्हणून ओळखली जाणारी सात स्तोत्रं, दिवसाला एक: 6, 32, 38, 51, 102, 130, 143. ऑगस्टीन 430 साली हिप्पो इथं मरणशय्येवर होता, तेव्हा त्यानं दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून समोरच्या भिंतीवर लावून घेतली होती आणि तो ती वाचत रडत असे. तीसहून अधिक वर्षं धर्माध्यक्ष राहिलेल्या माणसालाही ती शेवटपर्यंत लागली. शेवटच्या मिनिटांत काल काय चांगलं मिळालं त्याबद्दल आभार, आणि आजच्या दिवसापुरती एक मागणी. शब्दच सुचत नसतील तेव्हा पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतली छोटी प्रार्थना श्वासाबरोबर म्हणा: "हे प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." पंधरा दिवसांनी स्तोत्रांच्या जागी एखादं शुभवर्तमान घ्या. मी मार्काचं सुचवतो. ते छोटं आहे आणि शिष्यांचं अपयश ते झाकत नाही.

उपासनेला जा, आवडो न आवडो. गाता येत नसेल तर इतरांचं गाणं ऐकत उभे राहा. प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीबद्दल, आपल्या पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोला, कारण परंपरेनुसार नियम वेगळे आहेत. पण वर्षानुवर्षं "मी लायक नाही" म्हणून मागं बसू नका. लायक माणसांची ती मेजवानी कधीच नव्हती.

सेवा आणि पद यांत फरक करा. सेवा लगेच सुरू करता येते: आजाऱ्याला भेटणं, भांडी घासणं, कुणाला दवाखान्यात नेणं. पदाचं तसं नाही. विश्वास मोडून ज्यानं पद गमावलं त्यानं ते परत मागायला येऊ नये. मंडळीनं वेळ घेऊन ठरवावं, आणि काही पदं परत न मिळणंच योग्य असतं. पौल आणि बर्णबा या प्रेषितांबरोबर निघालेला योहान मार्क पंफुल्यातल्या पिर्गा इथून प्रवास अर्ध्यावर सोडून गेला होता. पुढच्या प्रवासाला त्याला घ्यायला पौलानं नकार दिला, आणि त्यावरून पौल आणि बर्णबा वेगळे झाले. बर्णबानं त्याला बरोबर घेतलं. बऱ्याच काळानंतर तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधली वर्षं कशी गेली ते लिहिलेलं नाही. कुणीतरी त्याच्याबरोबर चाललं, एवढं कळतं.

पुन्हा पडलो तर

पुष्कळ जण पुन्हा पडतात. हे गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही.

हा प्रश्न मंडळीपुढे फार पूर्वी आला. 250 साली रोमन सम्राट डेशियसच्या हुकुमानं साम्राज्यातल्या लोकांना देवतांना बळी देऊन तसं प्रमाणपत्र घ्यावं लागलं. कित्येक ख्रिस्ती लोकांनी बळी दिले, काहींनी पैसे देऊन नुसतं प्रमाणपत्र मिळवलं. छळ ओसरल्यावर ते रडत परत आले. रोममधला धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, यांना मंडळीत परत घेता येणार नाही. कार्थेजच्या सिप्रियनसारख्या धर्माध्यक्षांनी दार उघडं ठेवलं, मात्र पश्चात्तापाचा काळ लावून. 325 सालच्या धर्माध्यक्षांच्या निकाया परिषदेनं, ज्यांनी कुठलीही जबरदस्ती नसताना विश्वास नाकारला होता, त्यांना एकूण बारा वर्षांची टप्प्याटप्प्यानं परतण्याची वाट आखून दिली. आणि त्याच परिषदेनं ठरवलं की मरणाच्या दारात असलेल्याला प्रभुभोजन नाकारायचं नाही. मला या दोन निर्णयांत एकच हृदय दिसतं. पापाचं वजन कमी करायचं नाही, आणि दार बंद करायचं नाही.

म्हणून पडलात तर त्याच दिवशी त्याच माणसाला फोन करा. "परत झालं," एवढं पुरे. पहिल्या पडण्याहून दुसऱ्या पडण्यानंतरचं लपणं जास्त नुकसान करतं. मग रागावण्याऐवजी तपासा: किती वाजता, कुठं, कुणाबरोबर, त्याआधी मन कसं होतं? बऱ्याच जणांना दिसतं की थकवा, एकटेपणा आणि हातातला फोन रात्री उशिरा एकत्र येतात. तर फोन रात्री बाहेरच्या खोलीत ठेवायचा. हिशेबाच्या मोहात पडणाऱ्यानं एकट्यानं रोकड हाताळायची नाही. दारू आणि अमली पदार्थ शरीराला धरून ठेवतात. तिथं प्रार्थनेबरोबर वैद्यकीय उपचार आणि व्यसनमुक्ती गट हवा, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करा असं येशूनं पेत्राला सांगितलं. ज्याला पुढं स्वतःलाच क्षमा लागणार होती, त्यालाच.

वय झालं, आता उशीर झाला असं वाटणाऱ्यांसाठी थॉमस क्रॅन्मरचं नाव घेतो. इंग्लंडच्या या आर्चबिशपनं मरणाच्या भीतीनं आपला विश्वास नाकारणाऱ्या कागदांवर सह्या केल्या होत्या. 21 मार्च 1556 ला ऑक्सफर्डमध्ये त्यानं लोकांसमोर त्या सह्या मागं घेतल्या, आणि चितेवर उभं केल्यावर ज्या उजव्या हातानं सह्या केल्या तो आधी आगीत धरला.

आता दुसरा कुणी तुमच्या दाराशी आला तर

शेवटच्या भोजनाच्या वेळी, नाकारण्याच्या आधीच, येशूनं पेत्राला सांगितलं होतं की मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पडणं आणि वळणं दोन्ही त्याला आधी दिसत होतं, आणि काम त्याच्याही आधी ठरलेलं होतं. तेव्हा एक दिवस कुणीतरी तुमच्याकडे येईल, मान खाली घालून, जसे तुम्ही गेला होता.

त्या वेळी समुद्रकाठची ती सकाळ आठवा. येशूनं पेत्राला एकदाही विचारलं नाही की तू असं का केलंस. त्यानं विचारलं, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" आणि तेही तीन वेळा, प्रत्येक नकारामागे एक. प्रत्येक उत्तरानंतर त्यानं काम दिलं: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला, असं योहान लिहितो. जखमेला हात लागलाच. पण त्याआधी रात्रभर जाळी टाकून दमलेल्या, भिजलेल्या माणसांना त्यानं शेकोटीजवळ बसवलं होतं आणि म्हटलं होतं, "या, न्याहारी करा." भाकर त्यानं स्वतःच्या हातानं वाढली, मासळीही. प्रश्न सगळ्यांचं खाऊन झाल्यावर आला.